सॉफ्टनर बसवूनही बादलीवर पांढरा थर? या चुका टाळा

आमच्याकडे सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, बसवून आठ दिवस झाले नव्हते, तोच शेजारचे काका टीडीएस मीटर घेऊन आले. बोअरच्या पाण्यात बुडवला, ८९०. सॉफ्टनरच्या पाण्यात बुडवला, ९१५. "फसवलं तुम्हाला," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मीही घाबरून लावून देणाऱ्याला फोन केला. खरं तर मशीन चोख चाललं होतं, चुकलं होतं ते मोजमाप.

पहिली आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. सॉफ्टनर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी करत नाही. त्यातल्या रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. क्षार तेवढेच राहतात, फक्त माणसं बदलतात. त्यामुळे मीटरवरचा आकडा किंचित वाढलेलाही दिसतो. मोजायचा असतो तो हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि त्यासाठी थेंब मोजून रंग बदलेपर्यंत टाकायचं छोटं टेस्ट किट मिळतं. तेही नको असेल तर दोन बाटल्यांत दोन्ही पाणी अर्धं भरा, साबणाच्या पाण्याचे चार-चार थेंब टाका आणि हलवा. जड पाण्यात फेस बसतो आणि दह्यासारखा साका होतो, मऊ पाण्यात फेस वरपर्यंत येतो.

याचाच दुसरा भाग म्हणजे खारं पाणी आणि जड पाणी यांतली गल्लत. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी चवीला खारट लागत असेल, तर सॉफ्टनर त्याला काही करू शकत नाही. आपल्या घाटावरची अडचण मात्र बहुतेक वेळा जडपणाचीच असते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्टवर बसलेला आहे, आणि त्या खडकाच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, हार्डनेस लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा असं धरलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, अशी सवलत आहे. पुण्यात धरणाचं पाणी पिणाऱ्याला हा प्रश्न कळतही नाही. वाघोली-उंड्रीकडे टँकर आणि बोअरवर दिवस काढणाऱ्याला विचारा.

आता आकड्यांची चूक. "चार माणसांचं घर ना? मग हा छोटा पुरे," असं सांगून मशीन विकतात. हिशेब पाच मिनिटांचा आहे, तो स्वतः करा. एक लिटर रेझिन घरगुती वापरात साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं. २५ लिटर रेझिन असेल तर १२५० ग्रॅम. पाण्याचा हार्डनेस ५०० असेल, म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम, तर २५०० लिटर पाणी मऊ होईल आणि मग मिठाची धुलाई लागेल, म्हणजे मिठाचं पाणी सोडून मणी पुन्हा ताजे करावे लागतील. माणशी १३५ लिटर धरलं तर चौघांना दिवसाला ५४० लिटर लागतं, म्हणजे साडेचार दिवस. तुम्ही धुलाई आठवड्याने लावून ठेवली असेल, तर उरलेले अडीच दिवस जड पाणीच वापरताय.

ऑटोमॅटिक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आपोआप धुलाई करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, हार्डनेसचा आकडा भरताना एकक बघा. काही व्हॉल्व्ह पीपीएममध्ये (म्हणजे लिटरला मिलीग्रॅम) विचारतात, काही ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे १७.१ पीपीएम, त्यामुळे ५०० पीपीएम म्हणजे २९ ग्रेन. ग्रेनच्या जागी ५०० भरलं तर मशीन रोज मीठ खात बसेल. आणि हा आकडा एकदाच भरून विसरायचा नाही. श्रावणातलं बोअरचं पाणी आणि एप्रिलमधलं पाणी एक नसतं. मध्येच टँकर सुरू झाला तर हिशेबच बदलतो.

पण खरी गंमत आहे ती मोटरची. आपल्याकडे खालच्या टाकीतून मोटर पाणी गच्चीवर चढवते, आणि लावणारा माणूस सोय म्हणून सॉफ्टनर याच लाइनवर टाकतो. ऑटो व्हॉल्व्हची धुलाई कारखान्यातूनच रात्री दोन वाजता ठरलेली असते, कारण तेव्हा घर झोपलेलं असतं. रात्री दोनला तुमची मोटर चालू असते का? नसते. व्हॉल्व्ह आपला इमानदारीत फिरतो, बॅकवॉश (उलट्या दिशेने धुणं), मीठ, रिन्स (साध्या पाण्याने खळबळणं) सगळे टप्पे कोरडेच पार पाडतो आणि काउंटर पुन्हा भरून ठेवतो. पडद्यावर सगळं ठीक, नळाला जड पाणी. आमच्याकडे दीड महिना हेच चाललं होतं. मिठाची पातळी इंचभरही उतरत नव्हती, आणि आम्ही "मीठ किती कमी लागतं!" म्हणून खूश होतो.

गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उतारावर बसवणं हाही उपाय नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं. टाकीपासून वरच्या मजल्याच्या बाथरूमपर्यंत जेमतेम दोन-तीन मीटर असतात, आणि ऑटो व्हॉल्व्हला दीड-दोन किलो लागतं. मिठाचं पाणी ओढून घेणारा इंजेक्टर प्रेशरवरच चालतो, ते कमी पडलं की मीठ त्याच्या टाकीतच राहतं. म्हणून गच्चीवरच्या टाकीनंतर प्रेशर पंप आणि त्याच्यापुढे सॉफ्टनर हीच मांडणी बरी. पंप रात्रीही आपोआप सुरू होतो. मोटरच्याच लाइनवर बसवायचा असेल तर हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह घ्या आणि मोटर चालू असताना स्वतः धुलाई करा. त्यातही एक बघा: २५ लिटर रेझिनमधून तासाला हजारेक लिटरच नीट मऊ होतं. एक एचपीची मोटर त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी ढकलू शकते. मग पाणी मण्यांना शिवून नुसतं पळतं.

मिठाबद्दल थोडक्यात. टेबलावरचं बारीक मीठ नको, ते गठ्ठा होऊन बसतं. स्वच्छ खडे मीठ किंवा सॉफ्टनरच्या गोळ्या वापरा. खड्यांतली माती टाकीच्या तळाशी साचते, ती वर्षातून एकदा तरी काढा. २५ लिटर रेझिनला एका धुलाईला पावणेचार किलोच्या आसपास मीठ लागतं, आणि ते विरघळायला दहा लिटरहून थोडं जास्त पाणी. हाताने धुलाई करणारे मीठ ओततात आणि लगेच ओढायला लावतात, ते अर्धंमुर्धं विरघळलेलं असतं. दोन-तीन तास आधी भिजत ठेवा. टाकीत वर मीठ दिसतंय पण पातळी हलत नाही, असं असेल तर काठी घालून बघा. वर कडक पापुद्रा धरून खाली पोकळी झालेली असते.

धुलाईनंतर नळाला खारट पाणी येतंय? बहुतेक ड्रेनचा पाइप दबलाय किंवा रिन्सची वेळ कमी पडतेय. मिठाचं पाणी ओढलंच जात नाही? ब्राइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) नळीच्या जोडातून हवा शिरतेय का ते आधी बघा, मग इंजेक्टर काढून धुवा. नळातून मोहरीहून बारीक, पिवळसर-तांबूस मणी आले तर बॅकवॉशने काही सुटणार नाही. आतली उभी नळी किंवा जाळी फुटलीय, मशीन बायपासवर टाका, म्हणजे पाणी मशीनला वगळून थेट सोडा, आणि माणूस बोलवा. आणि बादलीत तांबूस डाग पडत असतील तर सॉफ्टनरच्या आधी लोहाचा बंदोबस्त हवा, नाहीतर रेझिनवर लोह बसतं आणि मिठाने ते सुटत नाही. वाळू-गाळाचा फिल्टर तर आधी हवाच.

पाणी इतकं मऊ झालं की अंगावरचा साबण निघतच नाही असं वाटतं, अशी तक्रार घरोघरी असते. त्यासाठी बायपास किंचित उघडा ठेवून थोडं जड पाणी मिसळतात. नळाला ५०-७५ हार्डनेस राहिला तर आंघोळही बरी होते आणि गीझरही सुरक्षित राहतो.

एक लाइन मात्र सॉफ्टनरला न जोडता थेट ठेवायची, बागेची आणि तुळशीची. ५०० हार्डनेसचं पाणी मऊ करताना लिटरमागे २३० मिलीग्रॅम सोडियम त्यात येतं. कुंडीतली माती त्याने घट्ट होत जाते. पिण्यासाठीही हे पाणी तसंच घेऊ नका, आरओमधून घ्या. घरात कोणाला रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं असेल तर विशेष.

आणि पहिल्या महिन्यात शॉवर तुंबला तर मशीनला शिव्या देऊ नका. पाइपातला जुना थर सुटून पापुद्र्यांनी जाळीत येऊन बसतो. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की सकाळी ब्रशने निघतो.