कंपाउंडचा कॅमेरा रात्रभर खोटी बोंब मारतोय? सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका

एमआयडीसीतलं शेड असो, रस्त्याकडेचं गोदाम असो नाहीतर गावाबाहेरचं पॅकहाउस, तक्रार एकच असते. कॅमेरे चांगले घेतले, 'एआय'वाले घेतले, तरी मोबाईल रात्रभर टिंगटिंग करतो. आठवड्याभरात मालक नोटिफिकेशन बंद करतो, वॉचमन हूटरची वायर काढून ठेवतो आणि खरा चोर येतो तेव्हा सगळं नुसतं रेकॉर्ड होतं. कॅमेरे, एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), वायरिंग झालेलं आहे असं धरून पुढचं सांगतो.

१. साधं मोशन डिटेक्शन अलार्मवरून काढा

चित्रातले ठिपके बदलले की ते ओरडतं, मग झाड हललं काय नि माणूस हलला काय. अलार्म फक्त लाईन क्रॉसिंग (चित्रावर ओढलेली रेघ कुणी ओलांडली की) किंवा इंट्रूजन झोनवर (आखलेल्या भागात कुणी शिरलं की) ठेवा, तिथे 'माणूस' आणि 'वाहन' एवढंच निवडा. संपलं.

२. लांबच्या टोकाला माणूस केवढा दिसतो ते मोजा

सीसीटीव्हीसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत माणूस 'आहे' एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल (चित्राचे ठिपके) आणि अनोळखी माणसाची ओळख पटायला २५० पिक्सेल धरले होते. ४ मेगापिक्सेल चित्राची रुंदी साधारण २५६० पिक्सेल. २.८ मिमी लेन्स ३० मीटरवर जवळजवळ ७० मीटर रुंदी दाखवते, म्हणजे मीटरमागे ३६ पिक्सेल. कागदावर पास. पण ते आकडे स्वच्छ उजेडातले. पावसाळी रात्रीसाठी मी किमान दुप्पट मागतो. ६ मिमी लेन्स घेतली की त्याच अंतरावर ९०च्या आसपास मिळतात. 'जास्त एरिया कव्हर होतो' म्हणून रुंद लेन्स गळ्यात मारणाऱ्याचं ऐकू नका. कुंपणाला रुंदी नको, लांबी हवी. आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या पायाखालची जागा शेजारच्या कॅमेऱ्यात दिसलीच पाहिजे.

३. रेघ भिंतीवर नाही, आतल्या जमिनीवर ओढा

भिंतीच्या कडेवर रेघ ओढली की बाहेरून जाणाऱ्याचं डोकं रेघेला लागतं आणि अलार्म होतो. भिंतीपासून मीटर-दीड मीटर आत, जिथे उडी मारलेल्याचे पाय टेकतील तिथे रेघ हवी. जागा असेल तर मी रेघेऐवजी झोनच घेतो आणि माणूस आत किती वेळ राहिला की अलार्म व्हावा, ती वेळ एक सेकंद ठेवतो.

४. रात्रीचं चित्र दुरुस्त करा

सगळं घोडं इथे अडतं. मलाही याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलंय, म्हणून जरा सविस्तर.

दिवसा कॅमेरा जवळपास बिनचूक असतो. अंधार पडला की लेन्सच्या बाजूचे आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना जवळपास न दिसणारा उजेड) एलईडी लागतात. त्या उजेडाला आणि उबेला पाखरं येतात, पाखरांमागे कोळी येतो आणि थेट काचेपुढे जाळं विणतो. वाऱ्याने हलणारा तो एक धागा चित्रात पांढऱ्याशुभ्र दोरखंडासारखा दिसतो. लेन्सपासून बोटभर अंतरावरचं पाखरू भिंतीजवळच्या माणसापेक्षा मोठं आणि झगझगीत दिसतं. पावसाच्या थेंबांचंही तेच.

आता यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'सेन्सिटिव्हिटी कमी करा'. अजिबात करू नका. कमी केल्यावर आधी कोण निसटतो? लांबचा, काळ्या कपड्यातला, वाकून चालणारा. पाखरू तसंच राहतं, कारण त्याचाच ठसा चित्रात सर्वांत ठळक असतो. म्हणजे नको तो आवाज तसाच राहिला आणि हवा तो माणूस गेला.

खरा उपाय उजेड हलवण्याचा. कॅमेऱ्यातला आयआर बंद करा आणि वेगळा आयआर दिवा निदान मीटर-दीड मीटर बाजूला लावा. पाखरं दिव्याकडे जातात, लेन्ससमोरचा थेंब उजळत नाही. ८५० नॅनोमीटरचा दिवा घ्या. त्याचा मंद लाल ठिपका दिसतो, दिसू दे. ९४०चा दिसत नाही, पण त्याच ताकदीत पल्ला बराच कमी पडतो. लपवायचं काही नसेल तर साधा पांढरा एलईडी फ्लड सर्वांत उत्तम. त्यात चित्र रंगीत राहतं आणि चोरालाही आपण दिसतोय हे कळतं.

मग शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ. 'ऑटो'वर सोडलेला कॅमेरा अंधारात शटर मंदावतो. चित्र उजळ दिसतं, पळणारा माणूस मात्र धुरकट फराटा होतो आणि सॉफ्टवेअर त्याला माणूस मानत नाही. १/२५ सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, चित्र थोडं काळपट झालं तरी चालेल. उघड्यावर घुमटवाले डोम लावू नका, धुळकट घुमटाच्या आतच आयआर परततो. बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (घुमट नसलेला गोळा) घ्या.

यानंतर आकाराचा फिल्टर. जास्तीत जास्त आकार लावला की पाखरू गळतं, कमीत कमी लावला की मांजर गळतं. पण कमीत कमी आकार उभ्या माणसावर ठरवू नका. लांबच्या टोकाला कुणाला तरी उकिडवं बसवा आणि चौकट त्याच्यावर बेतवा. त्यात एखादं कुत्रं आलं तर येऊ दे.

थर्मल कॅमेरा (उजेड नाही, अंगाची उष्णता टिपणारा) धुक्यात आणि गर्द अंधारात चांगला, पण महाग. शिवाय मे महिन्यात विदर्भात तापलेली जमीन आणि माणसाचं अंग यांत फरक फारसा उरत नाही, तेव्हा तोही चाचरतो. चेहरा तर त्यात कळतच नाही.

५. स्वतः चोर बनून बघा

मध्यरात्रीनंतर, गडद कपड्यांत. वॉचमनला आधी सांगून, नाहीतर त्याच्या दांडक्याची चाचणी होईल. सरळ चाला, पळा, वाका, रांगा, कुंपणावरून उतरा. मग छत्री उघडून आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन तेच पुन्हा करा. छत्रीखालचा माणूस कित्येक कॅमेऱ्यांना माणूस वाटतच नाही. जिथे अलार्म आला नाही ती जागा चुन्याने खुणा आणि त्या कॅमेऱ्याचा कोन बदला. एक फेरी भर पावसात हवीच.

६. अलार्म कुठे वाजवायचा

झोपलेल्या मालकाच्या उशाशी नाही. जागेवर हूटर आणि दिवा, वॉचमनच्या फोनवर क्लिप, मालकाला मेसेज. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. नुसता एनव्हीआर यूपीएसवर ठेवून लाईट गेल्यावर काळा पडदा रेकॉर्ड करणारे खूप पाहिलेत. शेजाऱ्याचं अंगण चित्रात येत असेल तर तेवढा भाग मास्कने झाका.

पहिला आठवडा रोज सकाळी खोट्या अलार्मच्या क्लिपा बघून पुढे कारण लिहा: पाखरू, सावली, हेडलाईट, कुत्रं, गवत. बहुतेक क्लिपा एक-दोन कॅमेऱ्यांच्याच निघतात. तेवढेच दुरुस्त करा, बाकीच्यांना हात लावू नका. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बांबूला फडकं बांधून कोळ्याची जाळी काढा आणि गाजरगवत गुडघ्याला लागायच्या आत कापून घ्या. दसऱ्याच्या सुमारास, गवत वाळल्यावर, पाचवी पायरी पुन्हा.