खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर फ्लॅट: लीडची सीमारेषा कशी आखावी

लोअर परळच्या बाजूला असे टॉवर आता बरेच दिसतात. लीडचं, म्हणजे इमारतीला मिळणाऱ्या हरित प्रमाणपत्राचं, काम हाती आलं की मी आधी साइट प्लॅन आणि सेक्शन (इमारतीचा उभा छेद), दोन्हींच्या मोठ्या प्रिंट काढायला सांगते आणि प्रमाणपत्रात काय काय धरायचं त्याची रेष लाल पेनने ओढते. सेक्शन हवाच. मजल्यांवर मजले चढलेल्या इमारतीत सीमा उभीही असते, ती प्लॅनवर दिसत नाही.

इमारत चालायला लागणारी सलग जमीन रेषेच्या आत घ्या: रॅम्प, पदपथ, बाग, बांधकामासाठी उकरलेला भाग. गुण जातील म्हणून मागचा डांबरी पट्टा वगळायचा, हे चालत नाही. लीड व्ही ४ (चौथी आवृत्ती) मध्ये मजल्यांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या किमान २ टक्के लागतं. मुंबईत त्याची चिंता नको.

लीडची मूल्यांकन पद्धत (रेटिंग सिस्टिम) निवडताना ४०-६० चा नियम धरा. एखादी पद्धत मजल्यांच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्राला लागू पडत असेल तर ती घेऊ नये. ६० च्या वर असेल तर तीच घ्यावी. मधल्या पट्ट्यात निर्णय तुमचा. हा हिशेब एफएसआयच्या (चटईक्षेत्राच्या) तक्त्यावरून करू नका, त्यात बरंच क्षेत्र धरलेलंच नसतं.

खरा घोळ सामाईक यंत्रणांचा. प्लंबिंगवाल्याला घेऊन बेसमेंटमध्ये उतरा. एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीपासून निघा आणि फ्लशिंगच्या पाइपवरचे बाण बघत शाफ्टपर्यंत जा. तिथे टी-जोड पडून एक फाटा ऑफिसांना, दुसरा फ्लॅटना जात असेल आणि प्रमाणपत्र फक्त ऑफिसांना हवं असेल, तर सगळं प्रक्रिया केलेलं पाणी ऑफिसांच्या खात्यात घालता येणार नाही. वाटणी ठरवा आणि त्या फाट्यावर मीटर दाखवा, तोही ड्रॉइंगच्या टप्प्यावरच. नंतर चालू लाइन कापायला कोणी तयार होत नाही. चिलर, डीजी सेट (डिझेल जनरेटर), कचऱ्याची खोली यांनाही हेच लागू.

एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) प्लॉटवर मी जास्त कडक असते. विक्रीच्या टॉवरला प्रमाणपत्र घेताना पुनर्वसन इमारतीतल्या पोरांचं खेळायचं मैदान टॉवरची मोकळी जागा म्हणून दाखवणं मला मान्य नाही. रेष दोन इमारतींच्या मधून जाऊ द्या आणि मैदान ज्यांचं त्यांच्याकडे ठेवा.

रेष पक्की झाली की तारीख टाकून तीच शीट ऊर्जा मॉडेल करणाऱ्याला, लँडस्केपवाल्याला आणि प्लंबिंगवाल्याला पाठवा. प्रत्येक क्रेडिटला (गुण मिळतात त्या प्रत्येक बाबीला) हीच सीमा वापरायची.