नवरा तिकडे, फाईल मधेच कुठेतरी: स्पाऊस व्हिसा लांबला तर काय करायचं

माझं लग्न सांगलीला झालं आणि बाराव्या दिवशी नवरा न्यू जर्सीला परत गेला. तेव्हा तो ग्रीन कार्डवर होता, सगळे म्हणत होते वर्षभरात जाशील बघ. मला जायला तीन वर्षं लागली. पहिल्या पाडव्याला मी पाट मांडून त्यावर फोन उभा केला आणि फोनला ओवाळलं, तिकडे त्याचं ऑफिस सुरू व्हायची वेळ होती, मागे भिंतीवर त्याचा जॅकेट लटकलेला दिसत होता आणि आई स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. ज्या मुली (आणि मुलगेही, हल्ली बरेच आहेत) आत्ता यातून जातायत त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणजे मला जे कोणी सांगितलं नाही ते तरी तुम्हाला आधी कळेल.

पहिलं काम हे की तुमची फाईल नक्की कुठल्या टप्प्यावर आहे ते स्वतः समजून घ्या. नवऱ्यावर सोडू नका. माझं पहिलं वर्ष "तो बघतोय" यातच गेलं. प्रवास असा असतो: तिकडचा जोडीदार यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१३० हा जोडीदाराला बोलावण्याचा अर्ज भरतो (एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५), ते मंजूर झालं की केस एनव्हीसीकडे म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे ३२५ आणि १२० डॉलरची फी, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, नवऱ्याचं आय-८६४ म्हणजे बायकोच्या खर्चाचं हमीपत्र आणि सगळे दाखले अपलोड करायचे, ते तपासून झाले की "डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड" असा मेल येतो ज्याला सगळे डीक्यू म्हणतात, आणि मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये बीकेसीला इंटरव्ह्यू. उशीर या प्रत्येक ठिकाणी होऊ शकतो पण प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा, म्हणून आधी टप्पा कळला पाहिजे.

नवरा किंवा बायको अमेरिकन सिटिझन असेल तर व्हिसाच्या संख्येला वार्षिक मर्यादा नाही, वेळ लागतो तो निव्वळ कामकाजाला. पण तो ग्रीन कार्डवर असेल तर तुम्ही एफ२ए कॅटेगरीत येता, तिथे संख्येला मर्यादा आहे, त्यामुळे दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे आय-१३० दाखल झाल्याची तारीख, आली का ते बघावं लागतं. एक गैरसमज इथेच काढून टाका, "इंडियाची लाइन पन्नास वर्षं आहे" वगैरे जे ऐकता ते नोकरीवाल्या ग्रीन कार्डचं. एफ२एमधल्या ७५ टक्के जागांना देशाप्रमाणे कोटा लागतच नाही. माझ्या मावसभावाने मला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत हे पन्नास वर्षांचं सांगितलं होतं, मी रात्रभर झोपले नव्हते.

आणि ग्रीन कार्डवाला मधेच सिटिझन झाला तर केस आपोआप सिटिझनच्या कॅटेगरीत जात नाही, कळवावं लागतं! नॅचरलायझेशन म्हणजे नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटची कॉपी, फाईल यूएससीआयएसकडे असेल तर तिथे, एनव्हीसीकडे असेल तर त्यांच्या इन्क्वायरी फॉर्मवरून. आमचं असंच झालं, त्याने शपथ घेतली आणि आम्ही त्याच आठवड्यात कळवलं, म्हणून बुलेटिनची वाट बघणं थांबलं. पण मुलं असतील तर सावध, एफ२एमध्ये मुलं आईच्या अर्जातच येतात, सिटिझनच्या बायकोच्या कॅटेगरीत तसं येत नाहीत, प्रत्येक मुलाचा वेगळा आय-१३० भरावा लागतो. आणखी एक, शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं, जुना पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) किंवा व्हिसा घेतल्याशिवाय इकडे येता येत नाही, तेव्हा शपथेनंतर लगेचची तिकिटं काढून ठेवू नका.

आता कागदांचं. आपल्या मराठी बायकांची फाईल जिथे हमखास अडते ते म्हणजे नाव.

माझंच बघा. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा, फक्त आईवडिलांची नावं. दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं नाव, मधे बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतर हौसेने आधार बदलून घेतलं, मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्ट माहेरच्याच नावाचा. शिवाय लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं सासरचं नवीन नाव, ते एका जुन्या पत्रिकेत आणि सासूबाईंनी काढलेल्या बँक खात्यात. म्हणजे एकाच बाईची तीन नावं! तिकडे बसलेल्या माणसाला आपली ही पद्धत माहीत असायचं काही कारण नाही, त्याला तीन बायका दिसतात. आमच्याकडून अजून कागद मागवले गेले आणि सहा महिने गेले ते यातच.

म्हणून ठरवा एकदाच. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, पासपोर्टवर जे नाव आहे तेच शेवटपर्यंत ठेवलं तर सगळ्यात सोपं, बदलायचंच असेल तर अर्ज भरायच्या आधी बदला आणि मग सगळीकडे बदला. मधे लटकत ठेवू नका. आत्तापर्यंत जी जी नावं वापरली ती डीएस-२६० मध्ये "इतर नावं" म्हणून सगळी लिहा, लपवायचं काहीच नाही त्यात. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर जिथे नोंद झाली त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव घालून घ्या, नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची अॅफिडेव्हिट. फक्त मराठीत असलेल्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर भाषांतर करणाऱ्याची सही लागते. लग्नाचा नोंदणीचा दाखलाच लागतो, पत्रिका किंवा कार्यालयाची पावती चालत नाही, हे सांगायची गरज वाटू नये पण वाटते, कारण कित्येकांनी नोंदणी केलेलीच नसते.

दुसरं म्हणजे थांबलेल्या फाईलमध्ये कागद शिळे होतात. पासपोर्ट ऑफिसमधून मिळणारं पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, कायम चालत नाही, दोन वर्षांनी परत काढावं लागतं. नवऱ्याचं टॅक्स रिटर्न दर वर्षी नवीन येतं, इंटरव्ह्यूच्या वेळी ताजं हवं. त्याचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी लागतं, मधे नोकरी गेली तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी घेणारा दुसरा कोणी, शोधून ठेवा, इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात काका-मामांना फोन करायची वेळ आणू नका. मेडिकल मात्र आधी करू नका, ते साधारण सहा महिनेच चालतं आणि व्हिसाची मुदतही त्यावरच ठरते, त्यामुळे इंटरव्ह्यूची तारीख हातात आल्यावरच. लहानपणीच्या लसींचं कार्ड मिळालं तर शोधून ठेवा. मी कॅलेंडरवर, ते भिंतीवरचं तिथी-वारांचं असतं ना त्यावरच, लाल पेनाने प्रत्येक कागदाची संपायची तारीख लिहून ठेवली होती, एकादशीच्या बाजूला "पीसीसी". आणि एनव्हीसीचा मेल आल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, तेव्हा वर्षातून एकदा तरी लॉगिन करून काहीतरी करा.

उशीर खरंच जास्त झालाय हे कसं कळणार? यूएससीआयएसच्या साइटवर त्या प्रकारच्या अर्जाचा नेहमीचा कालावधी दिलेला असतो, तुमची तारीख त्याच्या पलीकडे गेली की इन्क्वायरी टाकता येते, त्याआधी टाकून उपयोग नाही. त्यानंतरचा मार्ग म्हणजे नवरा जिथे राहतो तिथल्या खासदाराच्या, म्हणजे सेनेटर किंवा रिप्रेझेंटेटिव्हच्या ऑफिसला लिहिणं, ते एक प्रायव्हसी रिलीज फॉर्म भरून घेतात आणि फाईलची चौकशी करतात, पैसे लागत नाहीत. आपल्याकडे आमदाराच्या ऑफिसात जायला जशी ओळख लागते असं वाटतं तसं तिथे नाही, तो राहतो तिथे एवढं पुरतं. लवकर करा अशी एक्सपिडाइट विनंती गंभीर आजार, मोठं आर्थिक नुकसान अशा कारणांना आणि पुराव्यासकट करायची, "आम्हाला एकमेकांची आठवण येते" हे कितीही खरं असलं तरी त्यात बसत नाही. आणि कशानेच हलत नसेल तर फेडरल कोर्टात मॅन्डॅमस, म्हणजे निर्णय द्या एवढंच सांगा अशी मागणी, पण त्याला कोर्टाची फी ४०५ डॉलर आणि वर वकिलाचे वेगळे, आणि निर्णय तुमच्या बाजूनेच येईल असं नाही. पैसे घेऊन "आतून" फाईल पुढे सरकवतो म्हणणारा कोणीही भेटला तर उठून घरी या. मी एकाला पंधरा हजार दिलेत.

तोपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ का, हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात येतो. अर्ज करायला बंदी नाही, पण इमिग्रेशनची फाईल चालू असताना तुम्ही परत याल हे पटवणं फार अवघड, बहुतेकांना नकार मिळतो. करायचाच असेल तर फॉर्मवर आय-१३० चालू आहे हे खरं सांगा. ते लपवलं तर खोटी माहिती दिली म्हणून कायमची बंदी येऊ शकते, तीन वर्षांचं दुखणं जन्माचं होईल. त्यापेक्षा त्याने येणं चांगलं, फक्त ग्रीन कार्डवाल्याने सलग सहा महिन्यांवर इकडे राहिलं तर त्याच्या सिटिझनशिपचे दिवस मोडू शकतात आणि वर्षावर राहायचं तर री-एंट्री परमिट तिकडून निघायच्या आधीच मागावं लागतं. आम्ही मधे एकदा दुबईला पाच दिवस भेटलो. बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, फोटो, सगळं ठेवा, तोच तुमच्या लग्नाचा पुरावा असतो. ठरवून झालेल्या लग्नात आधीची ओळख कमी असते, त्यामुळे नंतरचं नातं दिसलं पाहिजे: कॉलची यादी, पाठवलेले पैसे, पीएफला आणि विम्याला नॉमिनी, सासरच्यांसोबतचे सणाचे फोटो.

आता जे कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं ते.

नोकरी सोडू नका. मी लग्नाच्या महिन्यातच राजीनामा दिला होता, आता जायचंच आहे म्हणून, आणि नंतर दीड वर्ष घरी बसून फक्त फोनवर फाईलचं स्टेटस बघत होते. सकाळी उठल्यावर आधी स्टेटस, मग चहा. शेवटी सासऱ्यांनीच विषय काढला, म्हणाले "अगं, कागद त्यांच्या गतीने येतील, तू का थांबलीस?" मी परत एका कॉलेजात लॅबमध्ये लागले आणि त्या दिवसापासून माणसात आले. कोर्स करा, ड्रायव्हिंग नीट शिका, दातांची कामं इथेच उरकून घ्या, तिकडे फार महाग आहेत. स्टेटस आठवड्यातून एकदा, मी रविवार ठरवला होता. दुसऱ्यांच्या तारखांशी आपली तारीख लावून बघणं बंद करा, त्यांची फाईल वेगळी असते.

कुठे राहायचं, सासरी की माहेरी, हे नवऱ्याने जायच्या आधी दोन्ही घरांसमोर बसून ठरवा, पैशासकट. नवरा नसलेल्या सासरी नवीन सून म्हणून राहणं सोपं नाही, माझ्या सासूबाई मायेच्या होत्या तरी पहिले काही महिने मी खोलीत पाहुण्यासारखीच वावरले. लोक विचारणारच, "अजून इथेच का?" मी एकच वाक्य पाठ केलं होतं, "फाईल एनव्हीसीत आहे काकू, इंटरव्ह्यू लागला की सांगते", आणि लगेच त्यांच्या मुलीचं विचारायचं.

नवऱ्याशी बोलण्याची वेळ बांधून घ्या. न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा, त्यामुळे माझे सकाळचे साडेसात म्हणजे त्याचे रात्रीचे दहा किंवा नऊ. आमची भांडणं बहुतेक सगळी व्हिसावरूनच व्हायची, तू हे का नाही पाठवलंस, तू तेव्हा का नाही सांगितलंस, मग आम्ही नियम केला की व्हिसाचं पहिली दहा मिनिटं, त्यानंतर तो शब्द काढायचा नाही. सुरुवातीला बोलायला दुसरं काही सुचायचंच नाही, मग तो तिथे भाजी करताना फोन ओट्यावर ठेवायला लागला आणि मी इथून सांगायची, मोहरी तडतडू दे, मग हिंग. रडू आलं तर रडा, आणि फारच खाली वाटायला लागलं, झोप-जेवण सुटलं तर डॉक्टरकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इंटरव्ह्यूनंतर कधी कधी २२१-जी लागतं, म्हणजे अजून कागद हवेत किंवा तपासणी बाकी आहे, आणि ऑनलाइन स्टेटसला चक्क "रिफ्यूज्ड" दिसतं. घाबरू नका, ते अंतिम नकार असेलच असं नाही, हातात दिलेल्या कागदावर काय मागितलंय ते नीट वाचा आणि तेवढंच, पूर्ण, एकदम द्या.

उशिराचा एक फायदाही होतो. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर१, म्हणजे दोन वर्षांचं अटीचं कार्ड मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून परत सगळं सिद्ध करावं लागतं. दोन वर्षं होऊन गेली असतील तर आयआर१, थेट दहा वर्षांचं. मला दहा वर्षांचंच मिळालं.

व्हिसा लागला की २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा म्हणजे कार्ड घरी येतं. सगळे मूळ दाखले हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. आणि आधीपासून बॅग भरून ठेवू नका. माझी पलंगाखाली भरलेली होती, आई दर उन्हाळ्यात त्यातला गोडा मसाला काढून नवीन भरायची, जुना आम्ही आमटीत वापरायचो. शेवटी जो गेला तो तिसऱ्या वर्षीचा होता.