शेतात सेन्सर नेटवर्क लावताय? आधी डेटाचा हिशोब करा
झिगबीचे (कमी बॅटरीत चालणारं वायरलेस तंत्र) नोड, म्हणजे सेन्सरची छोटी यंत्रं, लावणार असाल तर कागदावरच्या 250 केबीपीएस (सेकंदाला 250 हजार बिट) स्पीडवर जाऊ नका, कारण एका फ्रेममध्ये (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटात) जेमतेम 127 बाइट मावतात, त्यातही हेडर (पत्ता वगैरे माहिती) जागा खातो, आणि सगळे एकाच चॅनेलवर बोलतात म्हणून एका नोडवरून दुसऱ्यावर अशा तीन उड्या मारत येणाऱ्या डेटाला साधारण तिसरा हिस्साच स्पीड मिळतो. लांबलचक साखळी नकोच. आठ-दहा नोडचा गट पाडा, त्यातला एक म्होरक्या करा, तो गटाच्या आकड्यांची सरासरी काढून पुढे पाठवेल, आणि हे काम आलटून पालटून द्या नाहीतर त्याचीच बॅटरी आधी संपते. तापमान 27.4 असेल तर दशांश चिन्ह काढून 274 पाठवा, दोन बाइटात भागतं. गेटवेजवळच्या (जिथे सगळा डेटा गोळा होतो त्या यंत्राजवळच्या) नोडला मात्र मोठी बॅटरी द्याच, मागच्या सगळ्यांचं ओझं तोच वाहतो.