डोक्यावर ऊन आणि दारात पूर: पावसाचे आकडे कसे बघायचे

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना हे सांगायला नको, आपल्यात कडक ऊन असतं आणि दूधगंगेचं पाणी बंधाऱ्यावरनं चाललेलं असतं, कारण पाऊस तिकडं घाटात झालेला असतो. म्हणून नुसतं बेळगावचं हवामान बघून भागत नाही. मी कसं बघतो ते सांगतो.

सुरवात घरातनं. सपाट तळाचा, सरळ बाजूंचा डबा घ्या, झाड-भिंतीपासनं लांब उघड्यावर विटांच्या मध्ये बसवा आणि रोज सकाळी ८:३० ला आत पट्टी उभी धरून पाणी मोजा, मग डबा ओता. ८:३० लाच का, तर हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊस तिथंच संपतो, आकडे जुळवता येतात. पट्टीचा शून्य अगदी टोकाला आहे का बघा बरं का, माझ्या पट्टीला टोकाला ४ मिलीमीटर कोरी जागा होती आणि मी महिनाभर पाऊस कमीच लिहीत बसलो! १ मिलीमीटर म्हणजे गुंठ्याला साधारण १०० लिटर पाणी, त्यामुळं एवढी चूक परवडत नाही.

मग गावचा आकडा. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीपर्यंत आपोआप मोजणारी यंत्रं आहेत, त्यांचे आकडे बेंगळुरूच्या राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राकडं जातात. त्यांची वरुणमित्र हेल्पलाईन आहे, फोन करून गाव, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), तालुका सांगायचा. कन्नड जमत नसेल तर शाळेतल्या पोराला बोलायला लावा.

आता नदी, खरं काम इथंच. कृष्णाकाठी असाल तर कोयना धरणातनं किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडलं ते बघा, दूधगंगेला काळम्मावाडी धरण, वेदगंगेला पाटगाव धरण. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३, ते पाणी नरसोबावाडीला कृष्णेत मिळून मग आपल्याकडं येतं, म्हणजे जनावरं हलवायला थोडा वेळ मिळतो. खानापूरवाल्यांचं तसं नाही, मलप्रभा कणकुंबीलाच उगवते, तिथं कोसळला की लगेच नदीला.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट (जोरदार पावसाचा इशारा) आला की घाबरू नका आणि हसूही नका. तो अख्ख्या जिल्ह्याला असतो, आणि खानापूरचं जंगल नि अथणीचं माळरान एकाच जिल्ह्यात आहे. म्हणून अलर्ट आला की आधी गावचा आकडा आणि धरणाचा विसर्ग बघायचा.

आभाळातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी मोबाईलवर दामिनी ॲप टाका, लोकेशन चालू ठेवा. शेतात असताना त्यात जवळपास वीज दाखवली तर झाडाखाली थांबू नका, सरळ घर गाठा.