घरच्या आरपीजीसाठी लढाईचे नियम: या चुका टाळा

स्वतःचा फँटसी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) रचायला बसलं की बहुतेक जण आधी लढाईचे नियम लिहितात, आणि खेळ अडतो तोही तिथेच. तक्रार ठरलेली असते: एक लढाई अख्खी संध्याकाळ खाते. मग त्यावर उपाय म्हणून शस्त्रांचे प्रकार वाढवले जातात, घाव कुठे बसला याचे तक्ते येतात, आणि लढाई आणखीच लांबते. माझ्या मते नवा नियम लिहिण्याआधी एकच गोष्ट तपासावी: साधी लढाई किती वारांत संपते?

समजा राक्षसाची हेल्थ, म्हणजे तो किती मार झेलू शकतो तो आकडा, 20 आहे. वार लागण्याची शक्यता निम्मी, आणि लागला तर एक साधा सहा बाजूंचा फासा टाकून पडेल तेवढं डॅमेज, म्हणजे तेवढी हेल्थ कमी. त्या फाशाची सरासरी 3.5. निम्मे वार हुकतात, म्हणजे दर वारामागे 1.75. 20 ला 1.75 ने भागलं की सव्वाअकराच्या वर उत्तर येतं. एकास एक लढत असेल तर अकरा-बारा फेऱ्या, आणि त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्यात दोघांचेही वार हुकणार. पाचव्या फेरीपासून खेळणारे मोबाइल काढतात ते यामुळे. हेल्थ 10 वर आणा, वार लागण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास ठेवा, की तीच लढत चार फेऱ्यांत आटोपते. चार-पाच फेऱ्यांच्या पुढे जाणारी लढाई मी तरी फक्त मोहिमेच्या शेवटच्या शत्रूसाठी राखून ठेवेन.

पुढची चूक फाशांची. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा आरपीजी आला, आणि पुढे वीस बाजूंचा फासा या सगळ्या खेळांची ओळखच बनला. आपल्याकडे मात्र घरात हाताशी असतात ते लुडोचे फासे. दोन फाशांच्या बेरजेवर उत्तम खेळ चालतो, पण बोनसचे आकडे, म्हणजे फाशावर पडलेल्या आकड्यात मिळवायचे +1, +2 वगैरे, वीस बाजूंच्या फाशावरून जसेच्या तसे उचलू नका. तिथे +1 म्हणजे नेहमी 5 टक्के. समजा वार लागायला 8 हवेत: दोन फाशांवर 8 किंवा जास्त पडण्याची शक्यता 36 पैकी 15, म्हणजे 42 टक्के. त्यात +1 मिळवा, ती थेट 58 टक्के होते. +3 ची जादुई तलवार दिली तर 83 टक्के! मग ‘नेम धरतो’, ‘उंचावरून मारतो’ यांना काही अर्थच उरत नाही. दोन फाशांच्या खेळात सगळे बोनस मिळून +2 च्या वर जाऊ देऊ नका.

चिलखताचा नियम सगळ्यात फसवा. ‘चिलखत 3, म्हणजे डॅमेजमधून 3 वजा’ हे वाचायला किती सोपं वाटतं. आता मोजा. 1, 2, 3 पडले तर काहीच नाही. 4, 5, 6 पडले तर अनुक्रमे 1, 2, 3. सरासरी 3.5 वरून 1 वर घसरली. 10 हेल्थचा शिपाई एकदम साडेतीनपट चिवट झाला, आणि लागलेला वारही निम्म्या वेळा वाया! ‘लागला! पण काही झालं नाही’ हे खेळणाऱ्याला हुकण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतं. चिलखताला 2 ची मर्यादा घाला आणि लागलेल्या वाराने निदान 1 डॅमेज होतंच असं ठरवा. चिलखतामुळे वार लागणंही अवघड आणि डॅमेजही कमी, असं दुहेरी कधीच नको.

चार नायक विरुद्ध एकटा ड्रॅगन ही लढत बहुतेकदा फिकी पडते, कारण फेरीत तो एकदा मारतो आणि चार वेळा मार खातो. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि शत्रूंच्या बाजूने खेळणारा, मग त्याची हेल्थ दुप्पट करतो, म्हणजे फिकी लढत दुप्पट लांब. त्याला फेरीत दोन डाव द्या, एक सुरुवातीला आणि एक नायकांचे दोन डाव झाल्यावर. किंवा सोबत चेले द्या.

आधी कोण, यावर फार डोकं लावू नका: प्रत्येक बाजूने एक फासा टाकावा, मोठा आकडा पहिला.

प्रत्येक डावात नुसतं ‘मी मारतो’ ऐकू येत असेल, तर एकच ओळ लिहा: वार लागल्यावर डॅमेजऐवजी शत्रूला ढकलता, पाडता किंवा निःशस्त्र करता येतं. पुलावर उभ्या ट्रोलसमोर मग टेबलावर लगेच चर्चा सुरू होते, ‘अरे, मारू नकोस, ढकल त्याला!’ डावपेचांचं वेगळं प्रकरण लिहायची गरज पडत नाही.

शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढतात हीसुद्धा चूकच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1981 च्या बेसिक संचात यावर छान तोड होती: प्रत्येक शत्रूला धैर्याचा 2 ते 12 मधला आकडा, आणि दोन फाशांची बेरीज त्याहून जास्त आली की तो माघार घेतो. त्यांचा पहिला गडी पडला की एकदा टाका, निम्मे पडले की पुन्हा. धैर्य 7 असेल तर दर वेळी 42 टक्के शक्यता असते की उरलेले पळतील किंवा शरण येतील. मग त्यांचं काय करायचं, हा लढाईहून रंगतदार प्रश्न नायकांपुढे उभा राहतो.

मित्रांना बोलावण्याआधी एकट्यानेच काही लढाया खेळून बघा, वर्णन न करता, नुसते फासे टाकून. वहीत फेऱ्या, वाया गेलेले वार आणि विजेत्याची उरलेली हेल्थ लिहा. फेऱ्या जास्त येत असतील तर हेल्थ कमी करा, वाया वार जास्त असतील तर चिलखत बघा, आणि दर वेळी एकच आकडा बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.