कार्ड हातात आल्यावर: आधी आकडा, मग ट्रेनर

घोड्यांच्या शर्यतींचं कार्ड, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांची माहिती देणारं पत्रक, हातात आलं की ट्रेनरच्या नावाचा रकाना हातानं झाका. एकदा नाव दिसलं की मन आपोआप त्या घोड्याची वकिली सुरू करतं. प्रत्येक घोड्याच्या मागच्या पाच-सहा शर्यतींचे स्पीड फिगर, म्हणजे घोडा किती वेगानं धावला हे सांगणारे आकडे, एका ओळीत उतरवा, पण पेन्सिलीनं, कारण त्यातले बरेच खोडावे लागतात.

खोडायचे कुठले? सुरुवातीचे फर्लांग (सुमारे दोनशे मीटरचे टप्पे) सगळे रमतगमत गेले असतील, तर शेवटी घोडा कितीही जीव तोडून पळाला तरी एकूण वेळ सुस्तच येते. तो कमी आकडा घोड्याचा दोष नव्हे. उलट, कुणी आव्हानच दिलं नाही आणि पठ्ठ्या एकटाच पुढे पळत राहिला, तर त्या भरघोस आकड्यावर प्रश्नचिन्ह टाका. ट्रॅक ओला होता का, अंतर आजचंच होतं का, हेही तिथंच तपासा. सेकंदात पाच-सहा लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) जातात, त्यामुळे एक-दोन लेंग्थच्या फरकावर दोन घोड्यांची क्रमवारी लावण्यात अर्थ नाही. ते बरोबरीचे धरा.

आता रकान्यावरचा हात काढा. ‘गेल्या चौदा दिवसांत १२ पैकी ४ विजय’ असं वाचलं की तबेला एकदम फॉर्मात आलाय असं वाटतं. पण ज्या ट्रेनरचे घोडे एरवी शंभरात पंधरा वेळा जिंकतात, त्याचेही बारांत चार किंवा जास्त विजय नुसत्या योगायोगानं शंभरात साधारण नऊ वेळा येतात. म्हणून ते चार विजय उघडून पाहा. मी एकदा असेच उघडले, तर दोन विजय चार-चार घोड्यांच्या शर्यतींत, तेही फेव्हरिटवर, म्हणजे ज्यांच्यावर सर्वाधिक पैसे लागले होते अशा घोड्यांवर! हरलेले आठ कसे हरले हे त्याहून बोलकं असतं. थोडक्यात हुकले असतील तर तबेला ठीक आहे. बहुतेक शेवटच्या वळणावरच ढेपाळले असतील, तर तिथं काहीतरी बिनसलंय.

ट्रेनरला खरं वजन द्यायचं ते जिथं आकडा मुका असतो तिथं: लांब सुट्टीवरून परतलेला घोडा, पहिल्यांदाच धावणारा घोडा, नुकताच तबेला बदललेला घोडा. तिथंही ट्रेनरची एकूण टक्केवारी कामाची नाही. अशाच परिस्थितीतले त्याचे जुने घोडे बघा, आणि एका पंधरवड्याऐवजी दोन-तीन वर्षांचे बघा.

घोडा नियमित धावत असेल तर माझा कौल आकड्यालाच. कारण ट्रेनरचं कौशल्य त्या आकड्यात आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे नावापोटी वेगळे गुण दिले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. शिवाय आकडा आता गुपितही राहिलेला नाही. शर्यतींवर लिहिणारे अमेरिकी पत्रकार अँड्र्यू बेयर यांचे स्पीड फिगर अमेरिकेत १९९२ पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ या शर्यतींच्या वृत्तपत्रात छापून येतात. सगळ्यांना दिसतं ते पैजेच्या भावात आधीच शिरलेलं असतं.

म्हणून भाव बघण्याआधी तुमचा अंदाज टक्क्यांत लिहा. एकास चार भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर चार रुपये नफा, म्हणजेच पाचांत एक, २० टक्के. तुमचा अंदाज त्याहून बऱ्यापैकी वर नसेल, तर घोडा कितीही आवडला तरी शर्यत सोडा. दिवसभरात किती पैसे लावायचे, तो आकडा मात्र पेनानं लिहा. आणि निघण्यापूर्वी बाद झालेल्या घोड्यांची यादी पाहा. पुढे पळणारा एखादा गळाला असेल, तर सुरुवातीच्या वेगाचा हिशोब पुन्हा मांडा.